कार्थेजचा बिशप सिप्रियन : जीवन आणि बलिदान

१. प्रास्ताविक

धर्मासाठी प्राण देणाऱ्या व्यक्तीचे चरित्र लिहिताना चरित्रकारापुढे एक विशिष्ट अडचण उभी राहते. अखेरच्या दिवसाचे तेज इतके प्रखर असते की त्यापुढे आधीची वर्षे दिसेनाशी होतात. मग चरित्रनायक जन्मापासूनच वधस्तंभाकडे चालत निघाला होता, असे चित्र तयार होते. त्याचे निर्णय, त्याच्या शंका, त्याच्यावर झालेली टीका, हे सारे गळून जाते. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीचा बिशप असलेल्या सिप्रियनच्या बाबतीत मात्र हे सोपे नाही. इ. स. २५८ मध्ये ज्याने आपल्या लोकांच्या डोळ्यांदेखत तलवारीखाली मान दिली, तोच सिप्रियन इ. स. २५० मध्ये छळाची चाहूल लागताच शहर सोडून अज्ञातवासात गेला होता. या दोन घटनांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्याच्या समकालीनांनी विचारला, त्याच्या पहिल्या चरित्रकाराला त्याचे उत्तर देणे भाग पडले आणि आजच्या वाचकालाही तो टाळता येत नाही.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्याला ग्रीक भाषेत जो शब्द रूढ झाला, त्याचा मूळ अर्थ केवळ साक्षीदार असा आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात त्यासाठी रक्तसाक्षी असा शब्द वापरला जातो. हुतात्मा या शब्दात आहुतीची कल्पना प्रधान आहे, तर रक्तसाक्षी या शब्दात साक्षीची. सिप्रियनचे जीवन समजून घेताना साक्षीची ही कल्पना अधिक उपयोगी पडते. कारण साक्ष केवळ मरणाने दिली जात नाही, ती अनेक वर्षांच्या वागणुकीनेही द्यावी लागते.

२. नगरी आणि पूर्वायुष्य

आजच्या ट्युनिशिया देशाच्या राजधानीलगत कार्थेजचे अवशेष आहेत. रोमने इ. स. पूर्व १४६ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केले होते. परंतु पुढे रोमनांनीच ते पुन्हा वसवले आणि सिप्रियनच्या काळी ते साम्राज्याच्या पश्चिम भागातील अग्रगण्य शहरांपैकी एक बनले होते. धान्य आणि तेल यांचा व्यापार, मोठे बंदर, रंगमंडल, न्यायालये आणि वक्तृत्वशाळा यांनी ते गजबजलेले असे. या नगरीतील ख्रिस्ती समाजाला स्वतःची परंपरा होती. इ. स. २०३ मध्ये पर्पेच्युआ ही तरुण माता आणि फेलिसिटी ही दासी यांना येथेच रंगमंडलात मृत्युदंड मिळाला होता. लॅटिन भाषेत ख्रिस्ती विचार मांडणारा पहिला थोर लेखक टर्टुलियन हाही याच शहरातला.

सिप्रियनचे पूर्ण नाव थाशियस कॅसिलियस सिप्रियानस. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी, एका संपन्न कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याचे घराणे ख्रिस्ती नव्हते. वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक म्हणून त्याने कार्थेजमध्ये नाव मिळवले. त्या काळी वक्तृत्व ही केवळ कला नव्हती. न्यायालयात, नगरसभेत आणि शासनात पुढे जाण्याचा तोच राजमार्ग होता. साहजिकच शहरातील प्रतिष्ठितांत त्याची ऊठबस होती.

इ. स. २४६च्या सुमारास, प्रौढ वयात, एका वृद्ध धर्मगुरूच्या सहवासामुळे तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. आपल्या अंगवळणी पडलेले ऐषआरामाचे जीवन सुटणे शक्य आहे का, अशी शंका त्याला बाप्तिस्म्यापूर्वी सतावत होती, असे त्याच्याच लेखनावरून दिसते. बाप्तिस्मा घेतल्यावर त्याने मालमत्तेचा मोठा भाग विकून गोरगरिबांत वाटला. टर्टुलियनचे ग्रंथ तो रोज वाचत असे आणि ते मागवताना त्या लेखकाचा उल्लेख गुरू म्हणून करीत असे, अशी परंपरा संत जेरोमने नोंदवली आहे.

बाप्तिस्म्याला दोनतीन वर्षे होतात न होतात, तोच इ. स. २४८-४९च्या सुमारास कार्थेजच्या ख्रिस्ती लोकांनी त्याला आपला बिशप म्हणून निवडले. लोकांचा उत्साह दांडगा होता. पण पाच ज्येष्ठ धर्मगुरूंना ही निवड पसंत नव्हती. वर्षानुवर्षे सेवा केलेल्यांना मागे सारून एका नवागताला आसनावर बसवले, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. पुढील संघर्षाची बीजे येथेच पडली.

३. डेसियसचा आदेश आणि अज्ञातवास

इ. स. २४९ मध्ये डेसियस सम्राट झाला. सीमांवर आक्रमणे होत होती, अंतर्गत बंडाळी माजली होती. साम्राज्यावरील संकट देवतांच्या कोपामुळे आले आहे आणि सर्व प्रजेने एकमुखाने यज्ञबली अर्पण केल्यास ते टळेल, अशी त्याची धारणा असावी. सर्वांनी देवतांपुढे बली अर्पावा, नैवेद्याचा अंश चाखावा आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा, असा हुकूम निघाला. असे काही दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेल्या स्थितीत सापडले आहेत, त्यांवर इ. स. २५०च्या उन्हाळ्यातील तारखा आहेत. अर्जदाराचे नाव, गाव, बली दिल्याचे कथन आणि साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या, असे त्यांचे स्वरूप आहे. म्हणजेच हा छळ एका अर्थी कागदोपत्री होता. ज्याच्याजवळ दाखला नाही, तो आपोआप उघडा पडत असे.

रोमचा बिशप फेबियन इ. स. २५०च्या जानेवारीत मारला गेला. कार्थेजच्या रंगमंडलात सिप्रियनला सिंहांपुढे टाका, अशी मागणी जमाव करू लागला. त्याच वेळी सिप्रियन शहराबाहेर एका गुप्त ठिकाणी निघून गेला. त्याची मालमत्ता सरकारने जप्त केली.

या निर्णयावर तीव्र टीका झाली. रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला पाठवलेल्या पत्रात, कळप सोडून पळणाऱ्या मेंढपाळाच्या दृष्टान्ताकडे निर्देश करून अप्रत्यक्षपणे त्यालाच बोल लावला. सिप्रियनने आपली बाजू मांडली. आपण शहरात राहिलो असतो तर जमाव अधिक चवताळला असता आणि सर्वांवरच संकट ओढवले असते, असा त्याचा मुद्दा होता. केवळ युक्तिवादावर तो थांबला नाही. अज्ञातवासातून लिहिलेल्या तेरा पत्रांच्या नकला त्याने रोमला पाठवल्या. तुरुंगातील बंद्यांना धीर, धर्मगुरूंना सूचना, गरिबांसाठी पैसा, आजाऱ्यांची विचारपूस, हे सारे त्या पत्रांतून चालू होते. शरीराने दूर असलो तरी काम सोडलेले नाही, याचा तो पुरावा होता. तरीही टीकाकारांचे पूर्ण समाधान झाले नाही, हे मान्य करायला हवे. ज्यांनी कोठडीत उपासमार सोसली, त्यांच्या दृष्टीने सुरक्षित जागेवरून आलेले पत्र हे अखेर पत्रच होते.

४. पतितांचा प्रश्न

छळाचा सर्वांत दुःखद परिणाम मृत्यूंमध्ये नव्हता. कार्थेजमध्ये ख्रिस्ती लोकांचे थवेच्या थवे बली देण्यासाठी गेले. काहींनी तर अधिकाऱ्यांनी बोलावण्याचीही वाट पाहिली नाही. काहींनी प्रत्यक्ष बली दिला, काहींनी केवळ धूप जाळला, तर काहींनी बली न देताच पैसे चारून दाखला मिळवला. छळ ओसरू लागताच यांतील बहुतेकांना ख्रिस्तसभेत परत यायचे होते. या पतितांचे काय करायचे, हा प्रश्न सिप्रियनच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रश्न ठरला.

एका बाजूला तुरुंगातील वीर होते. ज्यांनी यातना सोसल्या त्यांच्या शब्दाला लोकांत मोठा मान होता. ते पतितांना क्षमेची शिफारसपत्रे देऊ लागले. काही पत्रांत तर एका व्यक्तीचे नाव आणि पुढे केवळ तिच्या माणसांसह असा उल्लेख असे. त्या माणसांत किती जण मोडतात हे कुणालाच ठाऊक नसे. सिप्रियनला विरोध करणाऱ्या धर्मगुरूंनी अशी पत्रे घेऊन येणाऱ्यांना प्रायश्चित्ताविनाच प्रभुभोजनात सामील करून घेतले. बिशपविरोधी गटाला त्यामुळे बळ मिळाले. दुसऱ्या बाजूला रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या विद्वान धर्मगुरूने टोकाची कठोर भूमिका घेतली. ज्याने एकदा श्रद्धा नाकारली त्याला सभेत पुन्हा कधीच घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. इ. स. २५१ मध्ये कॉर्नेलियस रोमचा बिशप निवडला गेला, तेव्हा नोव्हेशियनने त्याच्याविरुद्ध स्वतःला बिशप म्हणवून घेतले.

सिप्रियनची अवस्था नाजूक होती. स्वतः अज्ञातवासात गेलेल्याने इतरांच्या दुर्बलतेचा न्याय करायचा होता. कठोर झाला तर लोक विचारणार की तू कुठे होतास. सौम्य झाला तर म्हणणार की स्वतःच्या पळण्यावर पांघरूण घालतो आहेस. इ. स. २५१च्या ईस्टरनंतर तो शहरात परतला आणि त्याने आफ्रिकेतील बिशपांची परिषद भरवली. परिषदेने सरसकट क्षमा आणि सरसकट बहिष्कार हे दोन्ही मार्ग नाकारले. प्रत्येकाची परिस्थिती स्वतंत्रपणे तपासावी असे ठरले. एखादा स्वतः पुढे धावत जाऊन बली देतो; दुसरा दीर्घ यातनांनंतर कोसळतो; तिसरा बायकामुलांना वाचवण्यासाठी एकटा जाऊन बली देतो. या तिघांचा अपराध एकसारखा मानता येत नाही. केवळ दाखला घेतलेल्यांना चौकशीनंतर परत घ्यावे, प्रत्यक्ष बली दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे आणि मरणाच्या दारी त्यांना क्षमा नाकारू नये, असा निर्णय झाला. पुढे पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांनाच लवकर सामावून घेण्यात आले. ज्यांनी लढावे अशी अपेक्षा आहे त्यांना शिदोरीवाचून रणात पाठवू नये, हा त्यामागचा विचार होता.

याच काळात त्याने पतितांविषयीचा आणि ख्रिस्तसभेच्या ऐक्याविषयीचा असे दोन प्रबंध लिहिले. बिशपपदाभोवती एकवटलेली सभा हा त्याच्या विचाराचा गाभा होता. पुढील शतकांत पश्चिमेकडील ख्रिस्ती विचारावर या प्रबंधांचा खोल ठसा उमटला.

५. महामारी आणि लोकसेवा

इ. स. २५२च्या सुमारास कार्थेजला महामारीने गाठले. साम्राज्यात कित्येक वर्षे धुमसत राहिलेल्या या साथीला इतिहासकारांनी सिप्रियनचेच नाव दिले आहे. कारण तिच्या लक्षणांचे सविस्तर वर्णन त्याच्या प्रबंधात आढळते. अतिसार, सततच्या ओकाऱ्या, रक्ताळलेले डोळे, घशातील व्रण, सडणारे अवयव, जाणारी दृष्टी अशी ती लक्षणे होती. लोक आपल्याच घरच्या रुग्णांना रस्त्यावर टाकून पळत होते. प्रेते उघड्यावर पडत होती.

सिप्रियनने ख्रिस्ती लोकांना एकत्र बोलावले आणि कामे वाटून दिली. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी पैसा द्यावा, ज्यांच्याजवळ नव्हता त्यांनी श्रम द्यावेत, अशी योजना होती. सेवा केवळ स्वधर्मीयांपुरती मर्यादित ठेवू नये, असा त्याचा आग्रह होता. थोड्याच काळापूर्वी त्याला सिंहांपुढे टाकण्याची मागणी करणारे लोकही त्या सेवेच्या कक्षेत आले. साथ ख्रिस्ती लोकांच्या नास्तिक्यामुळे आली, असा आरोप होत असतानाच हे काम चालू होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या आरोपाला त्याने स्वतंत्र प्रबंधाद्वारे उत्तरही दिले.

याच सुमाराची आणखी एक घटना त्याच्या पत्रांतून कळते. न्युमिडिया प्रांतातील काही ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना टोळ्यांनी पळवून नेले होते. त्यांच्या सुटकेसाठी कार्थेजच्या ख्रिस्ती समाजाने १,००,००० सेस्टर्स जमवले. सिप्रियनने ती रक्कम तेथील आठ बिशपांकडे पाठवली आणि देणगीदारांची नावेही सोबत जोडली. त्यांचे प्रार्थनेत स्मरण व्हावे एवढीच त्याची विनंती होती.

६. रोमशी मतभेद

इ. स. २५४ मध्ये स्तेफन रोमचा बिशप झाला आणि नवा वाद पेटला. फुटीर पंथांत बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती मूळ सभेत येऊ इच्छीत असेल, तर तिला पुन्हा बाप्तिस्मा द्यावा काय? सभेबाहेर खरा संस्कार असूच शकत नाही, म्हणून तो द्यायला हवा, असे सिप्रियनचे मत होते. स्तेफनच्या मते केवळ हस्तस्पर्शाने स्वीकार करणे पुरेसे होते. १ सप्टेंबर २५६ रोजी कार्थेजमध्ये भरलेल्या परिषदेत ८७ बिशपांची मते नोंदली गेली आणि ती सर्व सिप्रियनच्या बाजूची होती. संबंध तुटण्यापर्यंत ताणले गेले. स्तेफनच्या मृत्यूमुळे आणि नव्या छळामुळे हा वाद तसाच थांबला.

पुढे पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने या प्रश्नावर रोमचीच भूमिका स्वीकारली. म्हणजे ज्या मतासाठी सिप्रियन सर्वाधिक आग्रही होता, ते मत टिकले नाही. तरीही रोममध्येही तो संत म्हणून पूजनीय मानला गेला. दीड शतकानंतर ऑगस्टीनला याच वादाचा ऊहापोह करावा लागला. सिप्रियनचे मत त्याने नाकारले. मात्र मतभेद असूनही ऐक्य न मोडण्याच्या त्याच्या वृत्तीचा त्याने गौरव केला.

७. निर्वासन आणि अखेर

इ. स. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने बिशप आणि धर्मगुरूंवर रोख धरला. ३० ऑगस्ट २५७ रोजी प्रांताधिकारी पॅटर्नसपुढे सिप्रियनची चौकशी झाली. आपण ख्रिस्ती आणि बिशप आहोत, हे त्याने मान्य केले. परंतु शहरातील धर्मगुरूंची नावे सांगण्यास साफ नकार दिला. त्याला समुद्रकाठच्या कुरुबिस या गावी हद्दपार करण्यात आले. पाँटियस नावाचा डीकन त्याच्या सोबत गेला. तेथूनही सिप्रियनची पत्रे थांबली नाहीत. खाणीत सक्तमजुरी करणाऱ्या बिशपांना आणि इतर बंद्यांना त्याने पत्र आणि मदत पाठवली.

इ. स. २५८ मध्ये दुसरा, अधिक कठोर आदेश आला. बिशप, धर्मगुरू आणि डीकन यांना तत्काळ मृत्युदंड द्यावा, उच्चपदस्थ ख्रिस्ती लोकांची पदे आणि मालमत्ता काढून घ्यावी, असे त्यात होते. ६ ऑगस्टला रोमचा बिशप सिक्स्टस मारला गेला. सिप्रियनला कार्थेजला परत आणून त्याच्या स्वतःच्या बागेत ठेवण्यात आले होते. मित्रांनी, ज्यांत प्रतिष्ठित अख्रिस्तीही होते, त्याला निसटून जाण्याचा आग्रह केला. तो त्याने मानला नाही.

मात्र नवा प्रांताधिकारी गॅलेरियस मॅक्सिमस युटिका येथे असताना सिप्रियनला तेथे नेण्यासाठी शिपाई येत आहेत, असे कळताच तो पुन्हा एकदा काही काळ लपला. या वेळी कारण वेगळे होते. बिशपाने आपली साक्ष स्वतःच्या नगरीत, स्वतःच्या लोकांपुढे द्यावी, परक्या गावी नव्हे, असे त्याने आपल्या अखेरच्या पत्रात कळवले. अधिकारी कार्थेजला परतताच तोही बागेत येऊन थांबला. पहिल्या आणि दुसऱ्या अज्ञातवासामागील हेतू शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हींत एक समान धागा आढळतो: आपण कुठे असल्याने लोकांचे हित साधेल, याचा विचार. इ. स. २५० मध्ये तो दूर राहण्यात आहे असे त्याला वाटले, इ. स. २५८ मध्ये तो जवळ असण्यात आहे असे वाटले.

१३ सप्टेंबर २५८ रोजी त्याला अटक झाली. अधिकाऱ्याची प्रकृती ठीक नसल्याने सुनावणी दुसऱ्या दिवसावर गेली. त्या रात्री एका शिपाईगड्याच्या घरी त्याला ठेवले होते आणि घराबाहेर रस्त्यात ख्रिस्ती लोकांची दाटी झाली होती. त्या गर्दीत असलेल्या तरुण मुलींची नीट काळजी घ्यावी, अशी सूचना त्याने दिली.

१४ सप्टेंबरला सुनावणी थोडक्यात आटोपली. बली देण्यास त्याने नकार दिला, तेव्हा तलवारीने शिरच्छेदाची शिक्षा वाचून दाखवण्यात आली. त्याने देवाचे आभार मानले. मोठा जमाव त्याच्यामागून निघाला. वधस्थळी त्याने अंगावरचा झगा काढला, गुडघे टेकून प्रार्थना केली, वरचे वस्त्र डीकनांच्या हाती दिले आणि मारेकऱ्याला २५ सुवर्णनाणी द्यावीत असे सांगितले. लोकांनी त्याच्यापुढे कापडाचे तुकडे आणि रुमाल अंथरले. त्याने डोळ्यांवर स्वतःच पट्टी धरली. ती बांधण्यास एका धर्मगुरूने आणि एका उपडीकनाने साहाय्य केले. रात्री मेणबत्त्या आणि मशालींच्या उजेडात, प्रार्थना म्हणत, लोकांनी त्याचा देह दफनभूमीत नेला. गुप्तपणे नव्हे, तर मिरवणुकीने.

८. चरित्राची साधने

सिप्रियनविषयी तीन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. पहिले म्हणजे त्याचे प्रबंध आणि ८०हून अधिक पत्रांचा संग्रह. त्यात इतरांनी त्याला लिहिलेली काही पत्रेही आहेत. दुसरे, त्याच्या दोन्ही चौकशांचा आणि मृत्यूचा त्रोटक वृत्तान्त. तिसरे, पाँटियसने लिहिलेले चरित्र. लॅटिन भाषेतील ख्रिस्ती चरित्रलेखनाचा आरंभ सामान्यतः या ग्रंथापासून मानला जातो. पाँटियसने चरित्रनायकाच्या जन्माची आणि शिक्षणाची हकिगत मुद्दाम गाळली. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या जन्मापासूनच त्याने आरंभ केला. साध्या श्रद्धावंतांच्या मरणाच्या हकिगती लिहिल्या जातात, तर एवढ्या थोर बिशपाची का नाही, ही त्याची प्रेरणा होती. अज्ञातवासाचे समर्थन करताना त्याचा स्वर विशेष कळवळ्याचा होतो: सिप्रियन तेव्हाच मेला असता, तर पतितांना मार्ग कोणी दाखवला असता, असा त्याचा रोख आहे. चरित्रकाराचे प्रेम येथे स्पष्ट दिसते; पण पत्रे वाचल्यावर त्याच्या या मुद्द्यात तथ्य आहे, हेही जाणवते.

९. समारोप

सिप्रियनचे बिशपपद अवघे दहा वर्षांचे. त्या अवधीत दोन छळ, एक महामारी, दोन फुटी आणि रोमशी एक वाद त्याच्या वाट्याला आला. त्याच्या समाधीभोवती पुढे प्रार्थनास्थळे उभी राहिली. ऑगस्टीन आईला चुकवून रोमला जहाजाने निघून गेला, ती रात्र त्याच्या आईने, मोनिकाने, सिप्रियनच्याच स्मृतिस्थानी प्रार्थनेत घालवली. आजही रोमन कॅथलिक ख्रिस्तसभा १६ सप्टेंबरला सिप्रियन आणि कॉर्नेलियस यांचे एकत्र स्मरण करते. एकट्याचे मोठेपण सांगण्याऐवजी दोन बिशपांची मैत्री जपणारी ही प्रथा, ऐक्यासाठी झटलेल्या सिप्रियनला साजेशी आहे.

स्वाध्याय

१. डेसियसच्या काळातील दाखल्यांची पद्धत सांगून तिचा ख्रिस्ती समाजावर झालेला परिणाम स्पष्ट करा.
२. पतितांच्या प्रश्नावर इ. स. २५१च्या परिषदेने काढलेला मार्ग कोणत्या दोन टोकांच्या मधला होता, ते विशद करा.
३. सिप्रियनच्या दोन अज्ञातवासांची कारणे आणि परिणाम यांची तुलना करा.
४. चरित्रनायकाविषयी प्रेम असलेल्या समकालीन चरित्रकाराचे लेखन कितपत विश्वसनीय मानावे? पाँटियसच्या आधारे आपले मत सुमारे २०० शब्दांत लिहा.